348 किलोमीटरचा सव्वा तास

लंडनचा हीथ्रो आणि पॅरिसचा शार्ल द गोल या विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे 348 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटरच्या वेगानं हे 26 मिनिटांचं काम. वेळापत्रकात मात्र साधारण सव्वा तास लिहिलेला असतो. हा सव्वा तास फुगवलेला वाटतो, पण खरा तोच आहे. कारण तो आकाशात मोजलाच जात नाही. विमानाच्या चाकाला लावलेला ठोकळा एक कामगार वाकून ओढतो, तिथून ब्लॉक टाइम धरतात. पलीकडे दुसरा कामगार तसाच वाकून ठोकळा सरकवतो, तिथे तो संपतो. कानांवर जाड हेडफोन, अंगात चमकतं जाकीट, नाकात केरोसीनचा वास आणि पाऊस असला तरी काम तेच. विमानप्रवासाच्या कौतुकात या माणसाचं नाव कुणी घेत नाही, पण प्रवासाची दोन्ही टोकं त्याच्याच हातात असतात.

मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत चालत जाणं, उड्डाण, उतरणं हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं. वेळ जातो तो रांगेत. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच. आग्नेयेकडून येणारी विमानं गर्दीच्या वेळी बिगिन या ठरलेल्या ठिकाणच्या आकाशात, एकमेकांत 1000 फुटांची उंची राखून, घिरट्या घालतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची. स्वानविकच्या हवाई नियंत्रण केंद्रातले नियंत्रक सर्वांत खालचं विमान काढून धावपट्टीच्या ओळीत लावतात. समोरून जोराचा वारा असला की तेवढंच अंतर कापायला विमानांना जास्त वेळ लागतो आणि तासाभरात कमी विमानं उतरतात. म्हणून 2015 पासून हीथ्रोवर दोन विमानांमधली फट वेळेत मोजतात. ज्यांचं सगळं काम अंतरावर चालायचं, त्यांनीच अंतर सोडून वेळ धरला.

कुणी म्हणेल, कंपन्या वक्तशीर दिसण्यासाठी वेळ वाढवून लिहितात. यात तथ्य आहे. 15 मिनिटांपर्यंतचा उशीर तर उशिरात धरतही नाहीत. पण वेळापत्रकात कमी मिनिटं लिहिली म्हणून धावपट्टी लवकर रिकामी होत नाही. पुढचं विमान गाठायचं असलेला प्रवासी तेवढा अडकतो. शिवाय युरोपीय न्यायालयानं 2014 मध्ये स्पष्ट केलं, की विमान पोचलं असं म्हणायचं ते दार उघडल्यावर, चाकं टेकल्यावर नव्हे. दुसरा आक्षेप वेगाचा. वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर 26 मिनिटांतली तीनही वाचत नाहीत आणि बिगिनची एकच फेरी ती गिळते. सरळ हवाई मार्गांनी इंधन वाचेल, ते व्हायलाच हवं. पण भरलेल्या धावपट्टीकडे लवकर पोचलेलं विमान लवकर घिरट्या घालू लागेल, इतकंच.

25 ऑगस्ट 1919 रोजी लंडनच्या हाउन्स्लो हीथवरून पॅरिसच्या ल बूर्जेला रोजची प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे अडीच तास लागत. आज वेग चौपटीहून जास्त झाला, वेळ मात्र निम्माच झाला. बाकीची कमाई जमिनीवर आणि रांगेत गेली. म्हणून पैसा आणि बुद्धी लावायची ती नियंत्रण केंद्रांवर आणि विमानतळावर राबणाऱ्या माणसांवर. प्रवाशानंही 348 किलोमीटर हा आकडा विसरावा आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा वेळ मोजावा. युरोस्टार लंडनच्या मध्यातून पॅरिसच्या मध्यात सव्वादोन तासांच्या आसपास पोचवते. ही तुलना केल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नये.