रंगीत पडद्यावरची दासी

प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ हा बोलपट काढला. भारतीय चित्रपटाला रंग देण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रयत्न. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, चित्रण कोल्हापूरचे. रंगांची प्रक्रिया मात्र जर्मनीत करून आणली. संगीत दिले गोविंदराव टेंबे यांनी, ज्यांच्या चालींवर १९११ पासून ‘मानापमान’ गाजत होते. संगीत नाटकाचा गळा आणि नवा रंग एकत्र आले. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभात पुन्हा कृष्णधवलाकडे वळली. ही हकीकत सहसा तांत्रिक अपयशाची म्हणून सांगितली जाते आणि तिथेच संपते. पण एवढा खटाटोप करून पहिला रंग कोणाच्या अंगावर चढवला, हेही पाहिले पाहिजे.

सैरंध्री ही दासी नव्हे, दासीचे सोंग घेतलेली राणी. अज्ञातवासात द्रौपदी विराटाच्या घरी राणीची वेणीफणी करायला राहते. राणी सुदेष्णा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने आपल्या भावाकडे, कीचकाकडे पाठवते. पुढे भर सभेत कीचक तिला लाथ मारतो आणि रात्री नृत्यशाळेत भीम त्याला ठार करतो. प्रेक्षकाचा संताप कशावर उभा आहे? दासीवर हात टाकला यावर नव्हे. जिच्यावर टाकला ती दासी नव्हतीच, यावर. विराटपर्वात तर कीचकाला पुन्हा पुन्हा ‘सूतपुत्र’ म्हटले आहे. सूत म्हणजे संकरातून आलेली, क्षत्रियांखालची जात; कर्णालाही याच शब्दाने हिणवले गेले. कीचक लंपट आहे, सत्तेने माजलेला आहे, त्याची वकिली कोणी करू नये. पण त्याचा गुन्हा कोणत्या तराजूत तोलला जातो, ते या एका शब्दात दिसते.

करंजाडेला आमच्या घरी शनिवारी काही विद्यार्थी वाचनाला जमतात. हा भाग वाचून झाल्यावर एका मुलीने विचारले, “सर, ती द्रौपदी नसती तर भीम आला असता का?” तिची आई इथल्याच सोसायट्यांमधून धुणीभांडी करते. माझ्याही आईने तेच काम केले. आमच्या दोघांच्या घरी या प्रश्नाचे उत्तर ठाऊक होते.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले तेव्हा लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. १९२० साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरातच ‘सैरंध्री’ मूकपट काढला. राष्ट्राच्या दास्याचे रूपक करायलाही राणीच लागली.

हा प्रकार आपल्याकडचाच नव्हे. प्रभातच्या चार वर्षे आधी, १९२९ साली, हॉलीवूडच्या वॉर्नर ब्रदर्सने ‘द डेझर्ट साँग’ हा बोलपट काढला. सिग्मंड रोमबर्ग यांच्या १९२६ च्या संगीत नाटकावरून तो घेतला होता आणि त्याचे काही भाग रंगीत होते. ते टेक्निकलर तेव्हा दोनच रंगांचे, तांबडा आणि हिरवा. खरा निळा त्यात येतच नसे.

कथा मोरोक्कोतल्या रिफ लोकांच्या बंडाची. बंडाचा बुरखाधारी नेता ‘रेड शॅडो’ हा प्रत्यक्षात फ्रेंच सेनापतीचा मुलगा असतो. शेवटी तो वेष उतरवतो, रेड शॅडोला आपण मारले असे सांगतो आणि नायिका त्याची होते. ज्यांनी बंड केले त्यांचे पुढे काय, हे कोणी विचारीत नाही. आता इतिहास पाहा. रिफांचा खरा नेता अब्द अल-करीम हा त्यांच्यातलाच. १९२१ साली अनवालला त्याने स्पॅनिश फौजेचा धुव्वा उडवला. मग फ्रान्स आणि स्पेन दोघेही त्याच्यावर चालून आले. मे १९२६ मध्ये तो फ्रेंचांच्या स्वाधीन झाला आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर हद्दपार केला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यूयॉर्कला या नाटकाचा पडदा उघडला. माणूस बेटावर, आणि त्याचे बंड मालकाच्या मुलाच्या गळ्यात! १९४३ च्या आवृत्तीत हा नायक अमेरिकन झाला. रिफ तो कधी झाला नाही.

मग खरी दासी कुठे आहे? ती महाभारतातच आहे. व्यासांकडे दुसऱ्यांदा जायची अंबिकेची तयारी नव्हती. तिने आपले दागिने अंगावर घालून आपल्या शूद्र दासीला पाठवले. हेही वेषांतरच, पण उलटे. दासीला राणी केले ते एका रात्रीपुरते. तिची इच्छा कोणी विचारली नाही. व्यासांनी प्रसन्न होऊन तिला दास्यातून मुक्त केले, असे कथा सांगते. नाव मात्र देत नाही. तिचा मुलगा विदुर. आंधळा धृतराष्ट्र मागे पडला तेव्हाही गादी पंडूकडे गेली, विदुराकडे नाही, कारण त्याची आई.