खिशातला कायदा : भाग ९ – सापडलेलं कार्ड

रिक्षाच्या सीटवर कुणाचं तरी क्रेडिट कार्ड सापडलं. उतरल्यावर समोरच्याच दुकानात दोन हजारांचे बूट घेतले, कार्ड मशिनला टेकवलं, ‘टुक’ झालं, पावती आली. पाच हजारांपर्यंत टॅप केलं तर सहसा पिनही विचारत नाहीत. आपण याला सरसकट चोरी म्हणतो. कायद्याच्या लेखी इथे चोरी झालेलीच नाही, आणि जे झालंय ते चोरीपेक्षा जड आहे.

चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून वस्तू काढून घेणं. खिशातून पाकीट मारलं तर ती चोरी, तीन वर्षांपर्यंत कैद. पडलेली वस्तू उचलणं हा गुन्हा नव्हे. मालक शोधता येत असूनही ती स्वतःसाठी वापरली, की तो अपहार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार त्याला किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं कैद आणि दंड. जुन्या दंड संहितेत नुसत्या दंडावर सुटायची सोय होती, ती गेली. ‘मालकाला कुठे शोधणार?’ ही सबबही चालायची नाही. कार्डावर बँकेचं नाव ठळक छापलेलं असतं.

पण खरा गुन्हा त्या ‘टुक’मध्ये आहे. कार्ड माझंच आहे असं भासवून दुकानदाराकडून माल काढला, ही फसवणूक. पैसे कार्डवाल्याचे किंवा बँकेचे बुडाले तरी फसला दुकानदार, आणि कायद्याला तेवढं पुरतं. कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत. हेच आपलं जुनं ४२०. (‘तू पक्का तीनशेअठरा आहेस’ असं कुणी कुणाला म्हणेल, असं मात्र वाटत नाही.) शिवाय तोतयेगिरीला पाच वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६क आणि ६६ड ही कलमं वेगळीच : प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

वकिलांची झटापट नेमकी इथेच होते. तंत्रज्ञान कायद्यातली ही कलमं जामीनपात्र आहेत, ३१८(४) नाही. म्हणून आरोपीचा वकील म्हणतो, विशेष कायदा असताना सर्वसाधारण कलम लावता कशाला? २०१८ मध्ये एका सॉफ्टवेअर-चोरीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हा मुद्दा उचलून धरला आणि ४२० बाजूला काढलं. म्हणजे एफआयआरमध्ये कलमांची माळ लागली, तरी खटल्यात ती सगळी टिकतीलच असं नाही.

२००२ साली तर ६६क, ६६ड नव्हतीच. नोएडाच्या कॉल सेंटरमधल्या एका तरुणाने अमेरिकन ग्राहक महिलेचा कार्ड नंबर टिपून घेतला आणि परदेशस्थ भारतीयांसाठी चालणाऱ्या सोनीच्या साइटवरून तिच्या नावाने रंगीत टीव्ही आणि कॉर्डलेस हेडफोन मागवला, पत्ता स्वतःचा देऊन. माल पोचवताना कंपनीने रीतीप्रमाणे त्याचे फोटो काढून ठेवले. दीड महिन्याने कार्ड कंपनीने कळवलं, बाईंनी ही खरेदी केलेलीच नाही. सीबीआयने ४१८, ४१९, ४२० लावली, टीव्ही आणि हेडफोन हस्तगत केले. त्याने गुन्हा कबूल केला. वय चोवीस, पहिलाच गुन्हा. कोर्टाने दोषी ठरवलं आणि एका वर्षाच्या प्रोबेशनवर घरी पाठवलं.