दोन चाकांचं शास्त्र – भाग ११ : कोपरं वाकवा, पैसे ठेवा

ट्यूबलेस टायरवर लिहीन असं मागच्या रविवारी म्हटलं होतं. ते एक आठवडा पुढं ढकलतो आहे, कारण अंबडहून आलेला एक प्रश्न डोक्यातून जाईना. विचारणारे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी जालन्याहून बदनापूरपर्यंत सायकल मारून येतात. वेग ताशी बावीसच्या आसपास. ते लिहितात, ‘आषाढ लागला की जाताना जीव मेटाकुटीला येतो. मित्र म्हणतो, कार्बनची उंच रिमवाली चाकं घे, पन्नास हजारांत काम होईल. घेऊ का?’

नका घेऊ.

पावसाळ्यात आपल्याकडचा वारा पश्चिमेचा. जालन्याहून बदनापूरकडे तोंड केलं की तो थेट छातीवर येतो. हवेचा रेटा वेगाच्या वर्गानं वाढतो हे आपण पाहिलंच आहे; पण तो वेग अंगावर येणाऱ्या हवेचा, सायकलच्या मीटरवरचा नव्हे. वारा पडलेला असताना बावीसच्या वेगाला हवा कापायला साधारण ५० वॅट पुरतात. समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा सुटला की अंगावरची हवा ४० च्या वेगानं येते, आणि तेच बावीस टिकवायला एकट्या हवेपायी १६५ वॅट मोजावे लागतात. हौशी माणसाचा तासभर टिकणारा दम बहुतेक एवढ्यातच संपतो. म्हणून ‘एरो-बिरो हे चाळीसनं पळणाऱ्यांचे चोचले’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालायला बसतो. समोरच्या वाऱ्यात बावीसवाल्याचीही तीच गत असते.

या रेट्यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा माणसाच्या अंगाचा, उरलेला सायकलचा. वरचे आकडे धरताना मी ताठ बसलेल्या स्वाराचा हवेला अडवणारा पसारा ०.४० चौरस मीटर घेतला होता. तो ०.३२ वर आणता आला तर त्याच वाऱ्यात ३३ वॅट वाचतात. उंच रिमची बचत त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आणि तो आणायला खर्च शून्य. हात हुडवरच राहू द्या, बोटं ब्रेकजवळ. मनगट सरळ ठेवून कोपरं खाली वाकवा, बाहेर फाकवू नका. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग रस्त्याला समांतर झाला की खांदे आपोआप उतरतात. मान दोन्ही खांद्यांच्या मध्ये ओढून घ्या, नजर मात्र रस्त्यावर. वाकायचं ते कमरेतून, पाठीला कुबड काढून नव्हे. ड्रॉप पकडून हात ताठ ठेवणारे पुष्कळ दिसतात. त्यांना आपण वाकलोय असं वाटतं, पण छाती उंचच असते आणि दोन्ही हात खांबांसारखे वाऱ्यात उभे.

स्वस्तातल्या पोझिशनचा विषय निघाला आणि ग्रॅम ऑब्रीचं नाव घेतलं नाही, असं माझ्याकडून व्हायचं नाही. हा स्कॉटलंडचा गडी. सायकलचं दुकान बुडालेलं, डोक्यावर कर्ज. त्यानं स्वतःच सायकल बांधली, तिच्यात धुलाई यंत्राचं बेअरिंग बसवलं आणि दोन्ही हात छातीखाली दुमडून घ्यायची बैठक शोधून काढली. तासाभरात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा फ्रान्सेस्को मोझरचा ५१.१५१ किलोमीटरचा विक्रम १९८४ पासून उभा होता. १६ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारच्या ट्रॅकवर ऑब्रीचा प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा उतरला आणि ५१.५९६ करून दाखवले. आठवडा उलटायच्या आत ख्रिस बोर्डमननं तो विक्रम मोडला आणि पुढच्या वर्षी सायकल महासंघानं ऑब्रीच्या बैठकीवरच बंदी घातली. त्यानं मग हात पुढं ताणलेली नवी बैठक काढली. कालांतरानं तिच्यावरही बंदी आली! आपल्या रस्त्यावर महासंघाचा माणूस यायचा नाही, पण हात छातीखाली घेऊन रहदारीत शिरू नका. म्हैस आडवी आली तर ब्रेक हाताला लागत नाही.

कोपरं वाकवून अर्धा तास निघायला लागला की मगच हँडल खाली घ्या. स्टेमखालचा एखादा स्पेसर काढून वर बसवायचा. त्यासाठी ॲलन की तेवढी लागते. आधी स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा. बसवताना क्रम उलटा: टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंगमधला खुळखुळा जाईपर्यंत, मग बाजूचे बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवा आणि हेडसेटवर बोट ठेवून पाहा. टकटक लागली तर पुन्हा सुरुवातीपासून. तरीही उंच वाटलं तर सहा अंशांचा स्टेम उलटा बसवता येतो. दहा सेंटिमीटरच्या स्टेमला त्यानं हँडल साधारण दोन सेंटिमीटर उतरतं. मांडी पोटाला लागायला लागली की थांबा. जास्तीचा स्टीअरर कापायची घाई तर मुळीच नको, कापलेलं परत जोडता येत नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून रेस अॅक्रॉस अमेरिका पुरी केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्यानं. जवळपास ४,८०० किलोमीटर. एवढ्या अंतरात फोटोपुरती बैठक कामाची नाही, टिकते तीच खरी. आपल्या बदनापूरच्या फेरीचंही तेच.

खरंच फरक पडला का हे पाहायचं असेल तर पांढऱ्या भिंतीपुढं सायकल उभी करून समोरून मोबाईलवर दोन फोटो काढा, एक ताठ बसून, एक वाकून. मोबाईल त्याच जागी, हँडलच्या उंचीवर. फोटोंवर चौकटी आखून अंगानं व्यापलेल्या चौकटी मोजा. अंदाज पुरेसा येतो. सैल, फडफडणारा शर्ट मात्र घालू नका, रस्त्यावरही नको.

एक स्वस्त उपाय मी सांगणार नाही, तरी पोरं तो करतात: ट्रकच्या मागं लागणं. जालन्याच्या रोलिंग मिलमधून निघालेल्या ट्रकच्या सळया मागं कुठवर आलेल्या असतात ते तुम्ही पाहिलंय.

पुढच्या रविवारी ट्यूबलेस. भोकरदनच्या वाचकांनी सीटच्या उंचीचं विचारलंय, त्यांना थोडं थांबावं लागेल.