नदीत खांब नसलेला पूल

पूल म्हटला, की पात्रात उभे असलेले दगडी खांब आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, रेडिंग या नगरी, सॅक्रॅमेंटो नदीवर पूल बांधावयाचा होता, तेव्हा मात्र खांबांनाच मज्जाव झाला. त्याला कारण नदीतील सॅल्मन मासे. समुद्रात वाढणारे हे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध पोहत नदीत येतात आणि तळाच्या खड्यांत खळगा करून ती झाकून ठेवतात. तेथे पाया खणला असता, तर ती जागाच नाहीशी झाली असती.

मग पूल तोलावयाचा कसा? सांत्यागो कालात्राव्हा या स्पॅनिश वास्तुविशारदाने उत्तर तीरावर २१७ फूट उंचीचा एकच मनोरा उभारला आणि तो नदीपासून दूर, मागे कलता ठेवला. विहिरीतून भरलेली घागर ओढताना आपण मागे रेलतो ना, अगदी तसाच! मनोऱ्यापासून निघालेल्या पोलादी दोरांनी सुमारे ७०० फूट लांबीचा मार्ग उचलून धरला आहे. त्यावर काचेच्या फरश्या आहेत.

२००४ साली खुल्या झालेल्या या पुलावरून केवळ पादचारी व सायकलस्वार जातात. मनोऱ्याची सावली तीरावरील खुणांवरून सरकते, म्हणून त्याचे नाव सनडायल, म्हणजे सावलीचे घड्याळ. मात्र ते बिनचूक वेळ दाखविते ते वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी. एरव्ही मनगटावरचेच पाहिलेले बरे.