खाल्लेल्या पानांची बाग

रुईचं पान उलटं करून पाहिलं, की मागच्या पांढुरक्या लवेवर कधी कधी खसखशीएवढं एकच फिकट अंडं चिकटलेलं सापडतं. ते बिबळ्या कडव्याचं, म्हणजे इंग्रजीत ज्याला प्लेन टायगर म्हणतात त्या नारिंगी फुलपाखराचं. अंड्यातून बाहेर आलेली अळी आधी अंड्याचं कवच खाते आणि मग पानाकडे वळते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या, असं तिचं रूप. ज्या चिकामुळे गुरं रुईला तोंड लावत नाहीत, त्यातलं विष ही अळी अंगात साठवते. ते पुढे फुलपाखरातही उतरतं. म्हणूनच ‘कडवा’ हे नाव. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. हा धाक इतका मोठा, की छोटा चांदवा या अगदी वेगळ्या फुलपाखराच्या मादीनं हुबेहूब तेच रूप घेतलं आहे. तिच्या अळ्या वाढतात घोळीवर, आपण भाजीला खुडतो त्याच घोळीवर. म्हणजे कंपाउंडच्या कोपऱ्यातली रुई आणि वाफ्यातली घोळ यांच्यात एक धागा आहे, आणि माळी दोन्ही ‘तण’ म्हणून उपटतो तेव्हा तो तुटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी केलेली बाग फुलांवर न जोखता खाल्लेल्या पानांवर जोखावी. सध्या सोसायट्यांमध्ये ‘बटरफ्लाय गार्डन’ म्हणून पेंटास, डुरांटा आणि घाणेरीच्या रंगीत जाती लावल्या जातात. त्यांच्यात मध असतो, फुलपाखरं येतातही. पण मध हे मोठ्या झालेल्या फुलपाखराचं खाणं. अळीला पान लागतं, तेही ठराविकच झाडाचं. अशा बागेत पाहुणचार होतो, बाळंतपण होत नाही. त्यात घाणेरी अमेरिकेतून आली आणि इथल्या जंगलांत इतकी माजली, की तिच्या जाळीखाली स्थानिक रोपांना डोकं वर काढता येत नाही.

मधमाश्यांबद्दल बरंच लिहिलं जातं, त्यामुळे थोडक्यात: आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया या आपल्या ओळखीच्या. पण एकेकट्या राहणाऱ्या माश्याही पुष्कळ आहेत. त्यातल्या काही उघड्या मातीत बीळ करतात, काही वाळक्या लाकडात. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकनं झाकलं, की त्यांची घरंच गेली.

स्थानिक झाडांची यादी शोधायला लांब जायला नको, गणपतीच्या पत्रीत ती बरीचशी आहे. रुई आलीच. रुईच्या फुलातले परागकण पुंजक्यात बांधलेले असतात आणि ते प्रामुख्यानं मोठे काळे भुंगे वाहून नेतात. बेलाच्या पानांवर लाइम बटरफ्लायच्या अळ्या वाढतात. धोत्र्याची फुलं तिन्हीसांजेला उमलतात, लांब सोंडेच्या पतंगांसाठी. डोरलीचं फूल तर निरखून पाहावं असं आहे: पिवळ्या पुंकेसरांच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं असतात. भुंगा पुंकेसर धरून पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, तेव्हा त्या छिद्रांतून पराग उडतात. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांनाही हीच थरथर मानवते, आणि मधमाशीला ती जमत नाही. दर भाद्रपदात ही पत्री रानातून ओरबाडून बाजारात येते. ती अंगणात लावली तर पूजाही होईल आणि रानही राहील.

परदेशी ते सगळं टाकाऊ का, असं कुणी विचारेल. तसं नाही. पानफुटी मूळची मादागास्करची मानतात, तरी तिच्या मांसल पानात रेड पिएरो या फुलपाखराची अळी वाढते. झाड कुठून आलं यापेक्षा त्याला इथं कोण खातं, हा प्रश्न महत्त्वाचा. मात्र तो विचारला, की उत्तर बहुतेक वेळा स्थानिक झाडाकडेच नेतं, कारण कीटकांची आणि त्यांची सोबत फार जुनी आहे. अळ्या सगळी बाग फस्त करतील, ही भीतीही अनाठायी आहे. कढीपत्त्यावरची कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी लिंबाच्या कुळाबाहेर जात नाही, शेजारचा मोगरा तिच्या लेखी अन्नच नव्हे. रुईचा चीक डोळ्यांना घातक, हा आक्षेप मात्र खरा. लहान मुलं खेळतात तिथं ती लावू नये, कुंपणाकडे लावावी.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का? ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत जाळी न लावता, अळ्यांची खाद्यझाडं लावून फुलपाखरं उघड्यावर नांदवली आहेत. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर एकेकाळी कचऱ्याचा डोंगर होतं. तिथल्या सुमारे 37 एकरांवर आज दाट झाडी आहे. 2015 साली नीलवंत हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. त्याच्या अळ्या माकडलिंबावर आणि लिंबाच्या इतर भाईबंदांवर वाढतात, पण सार्वजनिक बागांत माकडलिंबू लावलेला क्वचितच दिसतो. त्याची रोपं रोपवाटिकांत मागायला हवीत. मागणी झाली तरच ती तयार होतील.

ज्यांना अंगण नाही त्यांच्याकडे निदान कढीपत्त्याची कुंडी असते. पावसानंतरच्या दिवसांत त्याच्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला, तर पुसू नका, फवारूही नका. ती अळी आहे. काही दिवसांत कात टाकून ती हिरवी होईल, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून उग्र वासाचं लालसर शिंग बाहेर काढेल. फोडणीपुरती पानं दुसऱ्या फांदीवरून घ्या.