कागदी लिलावातील खेळाडूचे मोल

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून निघून देशभर पसरलेल्या गलाई कारागिरांपैकी ज्यांनी दिल्लीत करोल बागेसारख्या सराफी वस्तीत आपल्या भट्ट्या मांडल्या, त्यांच्यापुढे आलेल्या जुन्या दागिन्याचे मोल नुसत्या तागडीने कधीच ठरत नाही. तो वितळवून, त्यातील हीण वजा करून जे शुद्ध सोने उरते, त्याचाच हिशेब होतो. खऱ्या क्रिकेटपटूंवर काल्पनिक रुपयांची बोली लावून, त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवरून आपापल्या संघांचे गुण मोजण्याचा जो कागदी लिलाव मित्रमंडळींत रंगतो, त्यात मात्र हीण वजा करण्याचाच विसर पडतो, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ तेथेच आहे.

हा खेळ 1980 साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने व त्याच्या मित्रांनी बेसबॉलसाठी सुरू केला. प्रत्येक संघाला 260 डॉलर आणि भरावयाच्या जागा 23, या रूढ झालेल्या मर्यादेतूनच मोल ठरविण्याची पद्धत पुढे परिपक्व झाली.

पहिला समज असा, की दुप्पट गुणांच्या खेळाडूला दुप्पट किंमत द्यावी. समजा, करोल बागेत दहा मित्र बसले, प्रत्येकाजवळ 100 रुपये आणि प्रत्येकाला 15 खेळाडू घेणे आवश्यक. म्हणजे एकूण रक्कम 1000, खेळाडू 150. प्रत्येकाची किमान बोली एक रुपया धरून 150 रुपये बाजूला काढले, की खरी चढाओढ उरलेल्या 850 रुपयांची. आता लिलावात कोणीही न घेतलेला उत्तम फलंदाज हंगामात 200 गुण मिळवील असा अंदाज असेल, तर तेवढे गुण कोणालाही फुकट मिळण्यासारखे आहेत. हेच ते हीण. 600 गुणांच्या फलंदाजाचे आधिक्य 400 आणि 400 गुणांच्या फलंदाजाचे 200. सर्व 150 जणांच्या आधिक्याची बेरीज 17,000 आली, तर प्रत्येक गुणास पाच पैसे पडतात, आणि पहिल्याचे मोल 21 रुपये, दुसऱ्याचे 11 रुपये ठरते. गुण दीडपट, मोल जवळजवळ दुप्पट!

हे हीण प्रत्येक वर्गात वेगळे असते. शिल्लक राहिलेला यष्टिरक्षक 100 गुणांचाच असेल, तर 400 गुणांच्या यष्टिरक्षकाचे आधिक्य 300 होऊन त्याला 16 रुपये देणे सर्वथा रास्त ठरते. तेवढ्याच गुणांचा फलंदाज 11 रुपयांना घेणाऱ्याने त्यात अन्याय मानू नये.

दुसरा समज, की आयपीएलमधील रक्कम हीच योग्यतेची मोजपट्टी. डिसेंबर 2023 मध्ये मिचेल स्टार्क कोलकात्याला 24.75 कोटींना गेला, पुढच्या हंगामातील पहिल्या पात्रता सामन्याचा व अंतिम सामन्याचाही सामनावीर ठरला, आणि तरीही नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाच्या लिलावात दिल्लीने त्याला 11.75 कोटींना घेतले. त्याचा कस निम्म्यावर आला नव्हता. पहिला लिलाव मोजक्या रिकाम्या जागांसाठी होता, दुसऱ्यात बहुतेक संघ नव्याने उभारावयाचे होते आणि पुकाऱ्याला खेळाडूही विपुल होते. तो दर आपल्या कागदावर उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या गरजेचा हिशेब आपल्या वहीत मांडणे होय.

घरी केलेली यादी अखेरपर्यंत अढळ राहते, हाही भ्रमच. आरंभीच्या दहा खेळाडूंचे आपल्या हिशेबाने 200 रुपये होत असता मंडळींनी 260 खर्च केले, तर उरलेल्यांसाठी मेजावर 60 रुपये कमी राहिले, आणि पुढच्या प्रत्येकाची किंमत तेवढ्या प्रमाणात उतरली पाहिजे. म्हणून प्रत्येक पुकाऱ्यानंतर शिल्लक रोकड व शिल्लक मोल यांचा ताळा घ्यावा. काटकसरीचा अभिमानही येथे व्यर्थ आहे, कारण लिलाव संपल्यावर हाती राहिलेल्या रुपयाला गुण मिळत नाहीत.