जुन्या पिस्तुलाचें मोल

वांटणीच्या वेळीं घरांतील दागिन्यांची, भांड्यांची आणि शेताची किंमत कशी करावी हें आपल्याकडील जुन्या माणसांना कोणी शिकवावें लागत नाहीं. सोनें तोळ्यावर तोललें जातें, तांब्या-पितळेचीं भांडीं वजनावर जातात, आणि वैनगंगेकांठची धानाची जमीन काय भावानें जाते हें गांवांतील पोरसुद्धां सांगतें. परंतु मध्यंतरीं भंडारा जिल्ह्यांतील माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं वांटणीचा कागद अगदीं शेवटच्या ओळीवर येऊन अडला, आणि अडला तो एका पिस्तुलापाशीं. त्या निमित्तानें जी चौकशी करावी लागली व जें कांहीं शिकावयास मिळालें, तें इतर घरांनाहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

हें घराणें जुन्या मध्यप्रांतांतील मालगुजाराचें. मालगुजारी १९५१ मध्यें गेली. शिकारीच्या बंदुका १९७२ च्या वन्यजीव-संरक्षण कायद्यानंतर निरुपयोगी होऊन विकल्या गेल्या. राहिलें तें आजोबांनीं १८७८ च्या शस्त्रकायद्याखालीं परवाना काढून घेतलेलें एक विलायती पिस्तूल. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचें, .३२ बोअरचें, लंडनच्या पोलिसांनीं १९११ मध्यें स्वीकारलें त्याच जातीचें. आजोबांमागून परवाना माझ्या स्नेह्यांच्या, म्हणजे आबांच्या नांवावर आला. आबांनीं आतां ऐंशी ओलांडली आहे. त्यांना तीन मुलगे व एक मुलगी. थोरले दादा नागपुरास प्राध्यापक, मधले अण्णा घरीं शेती पाहतात, धाकटा पुण्यास, आणि ताई अमरावतीस सासरीं.

पिस्तूल अण्णांना हवें होतें. त्यास कोणाची ना नव्हती. वाद होता तो किंमतीचा.

"काका, असल्या विलायती पिस्तुलाला आठ लाख येतात असें मीं नागपुरांत ऐकलें आहे," दादा म्हणाले. "अण्णानें त्या हिशेबानें भावंडांचे वांटे द्यावे."

"दादा, शंभरीला टेकलेलें लोखंड तें!" अण्णा उत्तरले. "ऐंशी हजारांवर त्याला कोण घेतो?"

आठ लाख आणि ऐंशी हजार! एकाच वस्तूच्या दोन किंमतींत दसपट अंतर. गंमत अशी कीं, दोघेहि प्रामाणिक होते. आबा एवढेंच म्हणाले, "किंमत करा, पण भांडूं नका." आणि तें काम माझ्या गळ्यांत पडलें.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. रिव्हॉल्व्हरमध्यें काडतुसें एका फिरत्या चक्रांत बसविलेलीं असतात. अर्ध-स्वयंचलित पिस्तुलांत तीं मुठींतील मॅगझिनांत एकावर एक रचलेलीं असतात. एकदां चाप ओढला कीं एकच गोळी सुटते; परंतु त्या स्फोटाच्याच धक्क्यानें वरची स्लाइड मागें जाऊन रिकामें टरफल बाहेर फेंकते, आणि स्प्रिंगच्या जोरानें पुढें येतांना नवें काडतूस नळींत सारते. म्हणून अशा यंत्राची प्रकृति मुख्यतः तीन ठिकाणीं तपासावयाची : नळी, स्प्रिंगा आणि मॅगझिन.

आतां किंमतीकडे वळूं. अशा जुन्या पिस्तुलाला अमेरिकेंत कांहीं शें डॉलर पडतात. जेथें तें घडलें त्या इंग्लंडांत १९९७ च्या कायद्यानें खाजगी माणसानें पिस्तूल बाळगणेंच बंद झालें, आणि सरकारनें लोकांना भरपाई देऊन तीं शस्त्रें गोळा केलीं. आपल्या देशांत मात्र १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास खाजगी व्यक्तींसाठीं विलायती शस्त्रांच्या आयातीचा दरवाजा लागला, आणि जीं पिस्तुलें तोंवर आलीं होतीं त्यांचा भाव चढत गेला. पोलाद तेंच, कारागिरी तीच. परंतु तीन देशांत तीन मोलें. ह्यावरून ध्यानांत येईल कीं, ह्या वस्तूची किंमत कारखान्यांत ठरत नाहीं, ती त्या त्या देशाच्या कायद्यांत ठरते. दादांनीं ऐकलेले आठ लाख हे ह्या टंचाईचे होते. अण्णांचे ऐंशी हजार हे नुसत्या लोखंडाचे. खरी किंमत ह्या दोहोंच्या मध्यें कोठें तरी असणार. ती शोधावयाची कशी, एवढाच प्रश्न होता.

पहिला टप्पा म्हणजे नव्या देशी शस्त्राची किंमत. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानें .३२ बोअरचें पिस्तूल काढलें त्याचें नांव ‘अशनि’. अशनि म्हणजे वज्र, हें आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. कानपूरच्या कारखान्याचें ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर जानेवारी २०१४ मध्यें निघालें, तेव्हां त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. रिव्हॉल्व्हर व पिस्तुलें ह्यांवर २०१७ पासून वस्तु-व-सेवा कर शेंकडा २८ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा ४० झाला. नव्याची किंमत चढली कीं जुन्याचीहि थोडीबहुत चढते. म्हणून जुन्याचा भाव काढण्यापूर्वीं नव्याचा आजचा भाव करासह लिहून घ्यावा. चांगल्या स्थितींतील विलायती वस्तु त्याच्यावर जाईल. झिजलेली असेल तर खालींहि येईल.

दुसरा टप्पा नांवाचा. वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग, वेब्ली हीं नांवें ऐकून सारीं विलायती पिस्तुलें एका भावानें मोजूं नयेत. जर्मन वॉल्थर पीपीके ह्याला जो मान मिळतो, तो वेब्लीस मिळत नाहीं. दादांनीं ऐकलेला आंकडा बहुधा असल्याच एखाद्या पिस्तुलाचा असावा. शिवाय २०२० पासून वेब्ली अँड स्कॉट ह्याच नांवाचें .३२ रिव्हॉल्व्हर उत्तरप्रदेशांत हरदोई जिल्ह्यांतील संडीला येथें बनूं लागलें. तेव्हां केवळ नांव वाचून जुन्या विलायतीचा भाव देणारा गिऱ्हाईक फसेल. नांवाबरोबर ठसे पाहावेत. बर्मिंगहॅमला १८१३ पासून शस्त्रपरीक्षेचें एक स्वतंत्र घर आहे. तेथें चांचणी होऊन उमटलेले ठसे नळीवर असतात. बेल्जममधील लीएजचा ठसा लंबगोलांत असतो. हे ठसे म्हणजे सोन्यावरील कसाची खूणच.

बोअरहि तितकाच महत्त्वाचा. ९ मिलिमीटरचें लष्करी काडतूस झाडणारें पिस्तूल सामान्य परवान्यावर ठेवतांच येत नाहीं. म्हणून सामान्य गिऱ्हाइकापुरतें त्याला मोलच नाहीं. .२५ बोअरचीं लहान पिस्तुलें परवान्यावर चालतात, पण त्यांचीं काडतुसें मिळण्यास फार अडचण पडते, आणि काडतुसावांचून पिस्तूल म्हणजे तेलावांचून समई. .३२ चीं काडतुसें मात्र आपल्याच पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्यांत होतात. ह्या बाबतींत आबांचें पिस्तूल सुदैवी ठरलें.

तिसरा टप्पा स्थितीचा. परवान्याचें क्षेत्र सबंध राज्याचें असल्यानें आबा स्वतः पिस्तूल घेऊन नागपुरास एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे आले. दुसऱ्या कोणाच्या हातीं तें पाठविणें बेकायदा झालें असतें. विक्रेत्यानें प्रथम तें रिकामें असल्याची दोनदां खात्री करून घेतली, मग नळींत उजेड पाडून पाहिलें. नळीच्या आंतले पेच धारदार व लखलखीत हवेत. येथें ते दिसत होते, पण मध्यें बारीक खळगे पडलेले होते. जुन्या काडतुसांच्या टोपींतील क्षार नळींत राहात, ते हवेंतील ओल धरीत, आणि वेळेवर न पुसलेली नळी गंजे. आपल्याकडील चार महिन्यांच्या पावसांत तर विशेषच. स्लाइडवरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक एकच होता, ही जमेची बाजू. वरून मात्र कोणी हौसेनें चकचकीत निकलचा मुलामा दिला होता, त्याखालीं कंपनीचीं अक्षरें बोथट झालीं होतीं. घरांतल्या सर्वांना तो मुलामा भूषण वाटे. जाणत्यानें त्याबद्दल किंमत उतरविली. मॅगझिन एकच, पण अस्सल. स्प्रिंग ढिली, ती बदलतां येते, तिचा खर्च थोडा.

कपाटांत जुन्या काडतुसांची एक पेटीहि निघाली होती. ती किंमतींत धरावी कां, असें अण्णांनीं विचारलें. मीं म्हटलें, "मुळींच नाहीं." जुनी दारू केव्हां कशी वागेल ह्याचा नेम नसतो, नळींत अर्ध्यावर अडकलेली गोळी पुढच्या वेळीं हातच घेऊन जाते. दारूशीं अंदाजानें वागूं नये, हें भंडाऱ्याच्या माणसास निराळें सांगावयास नको. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणींत शिकलेलीं माणसें सर्व खबरदारी घेऊन तेंच काम करतात, आणि तरीहि २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटांत जीव गेले. तीं जुनीं काडतुसें आबांनीं रीतसर लिहून पोलीसठाण्यांत जमा केलीं.

चौथा टप्पा कागदांचा, आणि माझ्या मतें तो सर्वांत मोठा. शस्त्रावरील क्रमांक व परवान्यावरील क्रमांक एक अक्षरानें जरी चुकला, तरी व्यवहार थांबतो. क्रमांक खोडलेला असेल तर ती वस्तु किंमतीची राहात नाहीं, गुन्ह्याची होते. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें खाजगी मालकास आपलें शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास विकतां येतें. परंतु घेणाराचें नांव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा जवळच्या पोलीसठाण्यास लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावें लागतें. शस्त्राची मालकी आणि शस्त्र बाळगण्याचा अधिकार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानाधारक वारला म्हणजे वारसांनीं शस्त्र आधीं जमा केलें पाहिजे. ठराविक मुदतींत परवाना मिळविला नाहीं किंवा पात्र माणसास विकलें नाहीं, तर तें सरकारजमा होऊं शकतें. त्या दिवशीं आठ लाखांचीहि किंमत शून्य होते.

सुदैवानें २०१६ च्या नियमांत एक सोय आहे. परवानाधारकास सत्तर वर्षें पुरीं झालीं, किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षें झालीं, म्हणजे तो हयात असतांनाच आपल्या एका वारसाचें नांव सुचवूं शकतो. त्या वारसास अर्थात् स्वतः अर्ज करून, शस्त्र-सुरक्षेचें शिक्षण घेऊन, परवाना मिळवावा लागतो. आबांनीं हें काम दहा वर्षें पुढें ढकललें होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अडचणीचा भाव हा वस्तूचा भाव नव्हे. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच शस्त्रें ठेवतां येऊं लागलीं, त्यांत वारशानें आलेलींहि धरलीं गेलीं, आणि तिसरें एका वर्षांत जमा करण्याचें बंधन आलें. अशा मुदतींत विकणाऱ्यास जें मिळतें तें त्याच्या निकडीचें मोल. उलट, सांगितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. गिऱ्हाईक परवानाधारकच हवा, त्याच्या परवान्यावर जागा हवी, आणि त्याला हेंच पिस्तूल आवडलें पाहिजे. असे गिऱ्हाईक थोडेच.

ह्या विचारानें आम्हीं दोन आंकडे मिळविले. विक्रेता स्वतः घेईल तर १ लाख ६० हजार देण्यास तयार होता. त्याला पुढें कदाचित् वर्षभर तें ठेवावें लागणार, म्हणून त्याचा भाव तळाचा. ओळखींतील एका परवानाधारक शेतकऱ्यानें सारे दोष ऐकून घेऊन सव्वादोन लाखांपर्यंत तयारी दाखविली, तो माथ्याचा. घरांतल्या घरांत व्यवहार होणार, विक्रेत्याचा नफा नाहीं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणेंहि नाहीं, म्हणून मीं दोन लाख सुचविले. चौघां भावंडांचे पन्नास-पन्नास हजार. अण्णांनीं तिघांना दीड लाख द्यावे. दादांनीं कागद दोनदां वाचला आणि सही केली. अण्णांनाहि आंकडा जड वाटला, पण अन्यायाचा वाटला नाहीं.

सही करण्यापूर्वीं ताई मात्र थांबल्या. "काका, माझा वांटा मीं घेईन," त्या म्हणाल्या, "पण ह्या कागदावर आणखी एक ओळ लिहा. पिस्तूल भिंतींत बसविलेल्या तिजोरींत राहील, काडतुसें निराळ्या कुलुपांत राहतील, आणि किल्ल्या अण्णाशिवाय कोणाजवळ असणार नाहींत. सुटींत आमचीं सारीं मुलें ह्याच घरांत खेळतात."

खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. किंमतीच्या वादांत ही गोष्ट आम्हां पुरुषमंडळींपैकीं एकाच्याहि मनांत आली नव्हती. अण्णांनीं स्वतःच लेखणी घेतली व ती ओळ लिहिली. तिजोरीचा खर्च त्यांनीं आपल्याकडे घेतला.

ज्यांच्या कपाटांत असें एखादें जुनें शस्त्र पडून असेल, त्यांनीं वडीलधारें माणूस हयात व सावध असतांनाच परवाना काढून पाहावा, क्रमांक जुळवावा, मुदत तपासावी, आणि जाणत्याकडून मोल करून घ्यावें. घरांत कोणास तें नको असेल, तर रीतसर विकून मोकळें होण्यांत पूर्वजांचा कांहीं अवमान नाहीं. आणि ठेवावयाचें असेल, तर त्याच्या किंमतींत तिजोरीची व जागरूकतेची किंमत मिळवूनच हिशेब पुरा करावा.